लष्करी रिव्हॉल्व्हरचा संग्रह आणि काडतुसाचा प्रश्न : पुराणवस्तू व शस्त्र यांतील सीमारेषेचा अभ्यास

सारांश

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपीय सैन्यांनी वापरलेली रिव्हॉल्व्हर आज संग्राहकांच्या आणि संग्रहालयांच्या ताब्यात आहेत. ही शस्त्रे टिकून राहिली. परंतु त्यांच्यासाठी घडविलेली काडतुसे मात्र बाजारातून बहुतांशी नाहीशी झाली. काडतुसाच्या या अभावामुळेच अनेक जुनी शस्त्रे ‘पुराणवस्तू’ म्हणून मुक्तपणे बाळगता आली. दुसरीकडे, काडतूस शोधण्याच्या किंवा घडविण्याच्या संग्राहकांच्या प्रयत्नांमुळे हाच दर्जा धोक्यात आला. प्रस्तुत लेखात ब्रिटिश, रशियन व फ्रेंच बनावटीच्या निवडक रिव्हॉल्व्हरच्या आधारे या परस्परसंबंधाचे विवेचन केले असून, अखेरीस भारतीय कायद्याच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

बीजशब्द : रिव्हॉल्व्हर, काडतूस, पुराणवस्तू, कालबाह्य बोअर, शस्त्र अधिनियम, वस्तुसंग्रह.

प्रस्तावना

मानवी इतिहासाच्या अभ्यासात लिखित साधनांइतकेच भौतिक साधनांना महत्त्व आहे. नाणी, ताम्रपट, शिल्पे, भांडी यांचा अभ्यास आपल्याकडे दीर्घकाळ होत आला आहे. शस्त्रांच्या बाबतीत तलवार, कट्यार, दांडपट्टा, तोफ इथपर्यंत हा अभ्यास पोहोचला. आधुनिक काळातील अग्निशस्त्रे मात्र बहुधा युद्धवर्णनापुरतीच उल्लेखिली जातात. वास्तविक औद्योगिक क्रांतीने धातुकाम, रसायनशास्त्र आणि सुट्या भागांचे एकसारखे उत्पादन या तीन क्षेत्रांत जे साध्य केले, त्याचा एकत्रित नमुना म्हणून लष्करी रिव्हॉल्व्हरकडे पाहता येते.

जुन्या तलवारीचा संग्रह करणाऱ्यापुढे जो प्रश्न कधीच उभा राहत नाही, तो रिव्हॉल्व्हरच्या संग्राहकापुढे पहिल्या दिवसापासून उभा असतो. तलवार स्वयंपूर्ण असते. रिव्हॉल्व्हर तसे नसते. काडतुसाविना ते पोलादाचा एक सुबक तुकडा ठरते आणि काडतुसासह ते शंभर वर्षांनंतरही प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच ‘ही वस्तू इतिहासाची की पोलीस ठाण्याची?’ या प्रश्नाचे उत्तर शस्त्राच्या वयापेक्षा त्याच्या काडतुसात अधिक दडलेले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) लष्करी रिव्हॉल्व्हर व त्याचे काडतूस यांतील तांत्रिक संबंध स्पष्ट करणे.
२) कालबाह्य काडतुसांच्या उपलब्धतेचे मार्ग आणि त्यांतील धोके यांचा परामर्श घेणे.
३) अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन व भारत येथील कायद्यांनी पुराणवस्तू ठरविण्यासाठी स्वीकारलेल्या कसोट्यांची तुलना करणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले आहे. लष्करी वापरातील रिव्हॉल्व्हर एवढीच या विवेचनाची मर्यादा आहे. स्वयंचलित पिस्तुले व रायफली यांचा विचार येथे केलेला नाही.

१. काडतूस : चार घटकांची एक वस्तू

प्रारंभीच्या रिव्हॉल्व्हरना आजच्या अर्थाने काडतूस नव्हते. रॉबर्ट अ‍ॅडम्स याने १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलेले रिव्हॉल्व्हर किंवा त्याच काळातील अमेरिकन कोल्ट रिव्हॉल्व्हर यांत दारू व शिशाची गोळी सिलिंडरच्या प्रत्येक खणात समोरून भरावी लागे आणि मागच्या बाजूस तांब्याची छोटी टोपी बसवावी लागे. अशा शस्त्रांच्या बाबतीत काडतुसाचा प्रश्न नाही. दारू, शिसे व टोपी मिळाली की ते चालते. यामुळेच अनेक देशांच्या कायद्यांत या जुन्या पद्धतीच्या शस्त्रांचा वेगळा वर्ग केलेला आढळतो.

धातूच्या काडतुसाने ही स्थिती बदलली. पितळी पुंगळी, तिच्या तळाशी ठिणगी देणारी टोपी, आतील दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी असे काडतुसाचे चार घटक असतात. पुंगळीचा तळव्यास, लांबी व काठाची जाडी यांत अत्यल्प फरक पडला तरी काडतूस सिलिंडरच्या खणात बसत नाही, किंवा बसले तरी सुरक्षितपणे उडत नाही. याचा अर्थ असा की, धातूच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर हे कारखान्याशी कायमचे बांधलेले शस्त्र आहे. कारखान्याने ते विशिष्ट काडतूस बनविणे थांबविले की शस्त्राचे आयुष्य, निदान तत्त्वतः, संपते.

याच काळात दारूही बदलली. काळी दारू जळताना भरपूर धूर व काजळी सोडते आणि तिचा दाब तुलनेने सौम्य असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली धूरविरहित दारू थोड्या प्रमाणातही मोठा दाब निर्माण करते. काळ्या दारूसाठी घडविलेल्या सिलिंडरमध्ये धूरविरहित दारूचे काडतूस वापरणे म्हणजे जुन्या वाड्याच्या लाकडी तुळईवर काँक्रीटचा मजला चढविण्यासारखे होय. म्हणूनच शस्त्रावरील परीक्षण-ठशांना संग्राहक अतिशय महत्त्व देतात. बेल्जियममधील लिएज येथे १६७२ पासून, तर इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १८१३ पासून नळ्यांची दाबपरीक्षा घेण्याची व्यवस्था आहे. शस्त्र कोणत्या दारूसाठी तपासले गेले, हे या ठशांवरून कळू शकते.

२. तीन उदाहरणे

(अ) वेब्ली : ब्रिटिश साम्राज्याचे रिव्हॉल्व्हर

बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारले. त्याची चौकट वरून उघडते, नळी खाली झुकते आणि झुकताना सर्व सहा पुंगळ्या एकदम बाहेर फेकल्या जातात. या सोयीमुळे घाईच्या वेळी ते पुन्हा भरणे सुलभ झाले. मार्क १ पासून मार्क ६ पर्यंत त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. शेवटची मार्क ६ ही आवृत्ती १९१५ मध्ये, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळात आली आणि मोठ्या संख्येने तयार झाली.

या शस्त्राचे काडतूस ‘.४५५’ या नावाने ओळखले जाते. हा आकडा इंचाच्या हजारांशात नळीचा व्यास दर्शवितो. तथापि अशी नावे प्रत्यक्ष मापाशी तंतोतंत जुळतातच असे नाही. धूरविरहित कॉर्डाइट वापरात आल्यावर कमी जागा पुरू लागली, म्हणून १८९७ च्या आवृत्तीत पुंगळी आखूड करण्यात आली. १८९८ मध्ये टोकाशी पोकळी असलेल्या गोळीची आवृत्ती निघाली. परंतु शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांविरुद्ध १८९९ मध्ये हेग येथे झालेल्या घोषणेनंतर ती लष्करी वापरातून मागे घ्यावी लागली. एका छोट्या काडतुसाच्या आवृत्त्यांत रसायनशास्त्राची प्रगती आणि आंतरराष्ट्रीय कायद्याची जडणघडण अशा दोन्ही गोष्टी वाचता येतात.

या शस्त्राचा महाराष्ट्राशी असलेला संबंधही लक्षणीय आहे. ब्रिटिश अधिकाऱ्याला स्वतःचे रिव्हॉल्व्हर स्वखर्चाने विकत घ्यावे लागे. ते कोणत्याही कंपनीचे चालत असे. मात्र त्यात सरकारी काडतूस बसलेच पाहिजे अशी अट होती. अधिकाऱ्यांना अशा वस्तू पुरविणाऱ्या लंडनच्या आर्मी अँड नेव्ही सहकारी संस्थेने १८९१ मध्ये मुंबईत शाखा उघडली. काळा घोडा परिसरातील आर्मी अँड नेव्ही इमारत त्या पेढीची आठवण करून देते. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांवरील ‘के एफ’ हा ठसा जगभरच्या काडतूस-संग्राहकांना परिचित आहे. शस्त्र बर्मिंगहॅमचे, पेढी मुंबईची आणि दारूगोळा खडकीचा अशी ही साम्राज्याची पुरवठासाखळी होती.

(आ) नागां : स्वतःच्याच काडतुसाशी बांधलेले शस्त्र

बेल्जियमच्या नागां बंधूंनी रचलेले सात गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर रशियाने १८९५ मध्ये स्वीकारले आणि पुढे तुला येथील कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. झारचे सैन्य, क्रांतीनंतरचे लाल सैन्य आणि दुसरे महायुद्ध अशा तिन्ही कालखंडांत ते वापरात होते. सर्वसाधारण रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर व नळी यांत बारीक फट राहते आणि तेथून वायू निसटतो. नागांमध्ये घोडा ओढताच सिलिंडर पुढे सरकतो आणि पुंगळीचे लांबवलेले तोंड नळीत शिरून ही फट बंद करते. गोळी या पुंगळीच्या आत पूर्णपणे बुडालेली असते. साहजिकच या शस्त्राचे ७.६२ मिलिमीटरचे काडतूस दुसऱ्या कोणत्याही काडतुसासारखे नाही. तांत्रिक चातुर्य जितके अधिक, तितके काडतुसावरील अवलंबित्वही अधिक, याचे हे उत्तम उदाहरण होय.

(इ) फ्रेंच १८७३ : एक वस्तू, तीन दर्जे

फ्रान्समधील सेंत-एतिएन येथील सरकारी कारखान्यात तयार झालेले १८७३ चे रिव्हॉल्व्हर ११ मिलिमीटरचे, काळ्या दारूचे व अत्यंत दणकट बनावटीचे आहे. त्याचे सुटे भाग परस्परांशी इतके जुळतात की दीडशे वर्षांनंतरही अनेक नमुने चालू स्थितीत आढळतात. त्याची लष्करी काडतुसे मात्र कधीच इतिहासजमा झाली. याच विसंगतीमुळे हे शस्त्र पुढे कायद्याच्या वादात सापडले. त्याचा विचार चौथ्या विभागात केला आहे.

३. काडतुसाचा शोध : चार मार्ग

जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस मिळविण्याचे, ज्या देशांत ते कायदेशीर आहे तेथे, स्थूलमानाने चार मार्ग दिसतात.

पहिला मार्ग म्हणजे सैन्याने मोडीत काढलेला जुना साठा. दोन्ही महायुद्धांनंतर असा साठा मुबलक होता. आता तो बहुतांशी संपला आहे. शिल्लक काडतुसांत दोन दोष संभवतात. जुन्या टोप्यांमधील पाऱ्याच्या संयुगामुळे पितळ ठिसूळ होते, आणि पोटॅशियम क्लोरेटच्या ज्वलनातून मागे राहणारा क्षार हवेतील ओलावा शोषून नळी गंजवितो. शिवाय सीलबंद डब्यातील जुने काडतूस ही स्वतंत्र पुराणवस्तू असते. ते उडविणे म्हणजे एक पुरावा नष्ट करणेच होय. त्यामुळे केवळ काडतुसांचा, आणि तोही निष्क्रिय केलेल्या काडतुसांचा, संग्रह करणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला आहे.

दुसरा मार्ग नव्या कारखानी उत्पादनाचा. मागणी पुरेशी असेल तर एखादी कंपनी जुने काडतूस मर्यादित प्रमाणात पुन्हा काढते. इटलीतील फिओकी व अमेरिकेतील हॉर्नडी या कंपन्यांनी .४५५ वेब्लीची, तर फिओकी व सर्बियातील प्रवी पार्टिझान यांनी नागांची काडतुसे काढली आहेत. उलट, अमेरिकन सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलेल्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचे .४५ कोल्ट हे काडतूस आजही बाजारात सर्रास मिळते. एकाच वर्षी लष्करात आलेल्या दोन शस्त्रांपैकी अमेरिकन शस्त्राचे काडतूस जिवंत राहिले आणि फ्रेंच शस्त्राचे लुप्त झाले. याचे कारण तंत्रात नाही. बाजारपेठेत व लोकसंस्कृतीत आहे. अमेरिकेतील ‘पश्चिमे’च्या स्मरणरंजनाने कोल्टच्या काडतुसाला जगविले. फ्रेंच रिव्हॉल्व्हरला तसा आश्रयदाता लाभला नाही.

तिसरा मार्ग म्हणजे स्वतः काडतूस भरणे. अमेरिका व काही युरोपीय देशांत हा परवानगी असलेला छंद असून, कालबाह्य बोअरच्या बाबतीत अद्याप उपलब्ध असलेल्या दुसऱ्या पुंगळ्यांना आकार देऊन काम भागविले जाते. येथे संग्राहक हा अर्धा यंत्रकामगार व अर्धा रसायनशास्त्रज्ञ बनतो. परंतु हेच कौशल्य कायद्याच्या दृष्टीने सर्वांत संवेदनशील आहे. कारण शस्त्राला पुराणवस्तू ठरविणारा अभाव याच कौशल्याने भरून निघतो.

चौथा मार्ग तडजोडीचा आणि सर्वांत घातक. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर स्वस्तात विकल्या गेलेल्या वेब्लींच्या सिलिंडरची मागील बाजू घासून त्यांत अमेरिकन .४५ एसीपी काडतूस बसेल असा बदल करण्यात आला. मूळ .४५५ काडतुसाचा दाब प्रतिचौरस इंच सुमारे १३,००० पौंड असतो, तर .४५ एसीपीची प्रमाणित कमाल मर्यादा २१,००० पौंड आहे. जुन्या सिलिंडरवर हा ताण अनाठायी पडतो आणि तो फुटण्याचा धोका संभवतो. नागांमध्ये .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे अमेरिकन काडतूस घालण्याचा प्रघातही असाच आहे. ते खणात जाते खरे. पण सैल बसल्याने त्याची पुंगळी फुगते किंवा फाटते आणि ज्या वायुरोधक रचनेसाठी हे शस्त्र प्रसिद्ध आहे तीच निरर्थक ठरते.

वेब्लीच्या बाबतीत काळाने उगवलेला सूडही नोंदविण्याजोगा आहे. ज्यांनी काडतुसाच्या सोयीसाठी सिलिंडर घासले, त्यांच्या शस्त्राचे संग्रहमूल्य कायमचे घटले. मूळ स्थितीतील, न घासलेल्या वेब्लीला आज अधिक किंमत येते. काडतूस मिळविण्याच्या हव्यासात मूळ वस्तूच हरविली, असे या प्रकरणाचे सार सांगता येईल.

४. पुराणवस्तू कशाला म्हणावे? : कायद्यांच्या चार कसोट्या

अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्याने निर्मितीचे वर्ष ही कसोटी स्वीकारली. १८९८ मध्ये वा त्यापूर्वी बनलेले रिव्हॉल्व्हर संघीय कायद्याच्या दृष्टीने पुराणवस्तू ठरते. त्याचे काडतूस मिळते की नाही, हा प्रश्न विचारला जात नाही. राज्यांचे नियम याहून भिन्न असू शकतात. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकाचा वेगळा परवानाही आहे. फ्रान्समध्ये प्रत्यक्ष निर्मितीऐवजी नमुन्याचे वर्ष पाहिले जाते. २०१२ च्या कायद्यानुसार आणि २०१३ पासून झालेल्या त्याच्या अंमलबजावणीनुसार १ जानेवारी १९०० पूर्वीचा नमुना ही सर्वसाधारण मर्यादा आहे. या दोन्ही कसोट्या दिनदर्शिकेच्या आहेत. त्या सोप्या आहेत. मात्र शस्त्राच्या घातकतेविषयी त्या काहीच सांगत नाहीत.

ब्रिटनने निराळा मार्ग धरला. तेथील १९६८ च्या अग्निशस्त्र कायद्याने ‘कुतूहलाची अथवा शोभेची वस्तू’ म्हणून बाळगलेल्या पुरातन शस्त्रास सूट दिली. पण पुरातन म्हणजे काय याची व्याख्या केली नाही. पुढे गृहखात्याच्या मार्गदर्शिकेत कालबाह्य बोअरची यादी समाविष्ट झाली. ज्या शस्त्राचे काडतूस या यादीत आहे, ते परवान्याविना बाळगता येऊ लागले. म्हणजेच शस्त्राचा दर्जा त्याच्या काडतुसाच्या दुर्मिळतेवर ठरू लागला.

मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील शाळेत सोळा मुले व त्यांच्या शिक्षिका यांची हत्या झाली. त्यानंतर १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये हातबंदुकींवर जवळपास संपूर्ण बंदी आली. या कायद्याच्या सातव्या कलमात ऐतिहासिक हातबंदुकींसाठी केलेली तरतूद अत्यंत बोलकी आहे. १९१९ पूर्वीची आणि सहज न मिळणाऱ्या काडतुसाची हातबंदूक संग्राहकाला घरी ठेवता येते. ऐतिहासिक किंवा तांत्रिक महत्त्वाची हातबंदूक उडवावयाची असेल, तर ती नियुक्त केंद्रातच ठेवावी लागते व तेथेच वापरावी लागते. घरी ठेवा, पण उडवू नका. उडवा, पण घरी नेऊ नका. शस्त्र आणि काडतूस यांना एका छताखाली येऊ न देणे हे या तरतुदीचे सूत्र होय.

ही व्यवस्था कालबाह्य काडतूस कालबाह्यच राहील या गृहीतकावर उभी होती. ते गृहीतक मोडले. डिसेंबर २०१७ मध्ये बर्मिंगहॅमच्या न्यायालयाने एका नोंदणीकृत शस्त्रविक्रेत्यास ३० वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. जुन्या शस्त्रांसाठी त्याने घडविलेल्या काडतुसांचा माग शंभराहून अधिक गुन्हास्थळांपर्यंत पोहोचला होता. संग्राहकाचे दुर्मिळ कौशल्य गुन्हेगारी टोळ्यांच्या हाती गेल्यावर काय घडते, याचे हे विदारक उदाहरण आहे.

त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने पुरातन शस्त्राची व्याख्या नियमांद्वारे निश्चित करण्याचा अधिकार सरकारला दिला आणि २२ मार्च २०२१ पासून नवे नियम लागू झाले. १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची निर्मिती ही कालमर्यादा ठरली आणि कालबाह्य काडतुसांच्या जुन्या यादीतून सात काडतुसे वगळण्यात आली. त्यांत फ्रेंच १८७३ रिव्हॉल्व्हरचे ११ मिलिमीटरचे, जर्मन लष्करी रिव्हॉल्व्हरचे १०.६ मिलिमीटरचे, डच रिव्हॉल्व्हरचे ९.४ मिलिमीटरचे आणि .४४ स्मिथ अँड वेसन रशियन या लष्करी काडतुसांचा समावेश आहे. या बोअरची शस्त्रे बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांत परवान्यासाठी अर्ज करणे किंवा शस्त्रापासून मुक्त होणे भाग पडले.

परिणामी फ्रेंच १८७३ रिव्हॉल्व्हरला तीन भिन्न दर्जे प्राप्त झाले. जन्मभूमी फ्रान्समध्ये ते नमुन्याच्या वर्षामुळे संग्राह्य वस्तू आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार १८९८ पर्यंतच्या निर्मितीमुळे ते पुराणवस्तू आहे. ब्रिटनमध्ये मात्र २०२१ पासून ते परवान्याच्या कक्षेत आले. पोलाद तेच, कारखाना तोच, वयही तेच. बदलली ती केवळ काडतुसाविषयीची समजूत.

५. भारतीय संदर्भ

भारतात चौथी कसोटी आढळते, ती उपयोगक्षमतेची. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार, कालबाह्य पद्धतीचे, पुराणमूल्य असलेले किंवा नादुरुस्त असे जे शस्त्र दुरुस्ती करून वा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, त्यालाच अधिनियमातून सूट मिळते. ‘दुरुस्ती करून वा न करता’ हे शब्द निर्णायक आहेत. नळी गंजली आहे, चाप अडकतो, काडतूस मिळत नाही एवढ्याने सूट मिळेल असे मानता येत नाही.

दुसरीकडे पुरावशेष व बहुमोल कलावस्तू अधिनियम, १९७२ शंभर वर्षांचे वय हा पुरावशेषाचा सर्वसाधारण निकष मानतो. १९१५ मधील वेब्ली मार्क ६ ने ही वयोमर्यादा ओलांडली आहे. परंतु शस्त्र कायद्याखाली तिचे स्थान अगदी विरुद्ध टोकाला आहे. शस्त्र नियम, १९६२ च्या पहिल्या अनुसूचीत .३८० किंवा .४५५ चे काठाचे काडतूस बसू शकेल व उडविता येईल अशी रिव्हॉल्व्हर वरच्या, प्रतिबंधित वर्गात घालण्यात आली. अधिनियमाच्या कलम ७ नुसार प्रतिबंधित शस्त्र केंद्र सरकारच्या विशेष अधिकृतीविना बाळगता येत नाही. लष्करी व पोलिसी काडतूस नागरी शस्त्रात वापरता येऊ नये, हा या वर्गीकरणामागील हेतू स्पष्ट आहे. २०१६ मध्ये नवे शस्त्र नियम आले.

याच धोरणाची दुसरी बाजू कानपूरच्या आयुध निर्माणीत दिसते. नागरी परवानाधारकांसाठी तेथे बनू लागलेल्या रिव्हॉल्व्हरची रचना वेब्ली मार्क ४ वर बेतलेली आहे, बोअर मात्र.३२ चा आहे. सांगाडा साम्राज्याचा, काडतूस वेगळे आणि त्यामुळे कायदेशीर दर्जाही वेगळा. शस्त्राची ओळख काडतुसाने ठरते, या प्रमेयाला याहून सुबोध दाखला क्वचितच सापडेल.

युरोप-अमेरिकेतील संग्राहकाचा काडतूस भरण्याचा छंद भारतात त्याच रूपात शक्य नाही. अधिनियमाच्या कलम ५ नुसार दारूगोळ्याची निर्मितीही परवान्याच्या कक्षेत येते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. त्यामुळे व्यक्तिगत संग्रहाला येथे फारसा वाव नाही. अशा वस्तूंचे जतन प्रामुख्याने संग्रहालये, लष्करी संस्था व शासकीय यंत्रणा यांच्यामार्फतच होऊ शकते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने याला व्यावहारिक बाजू आहे. लष्करी परंपरा असलेल्या घराण्यांकडून इतिहास विभागाला जुन्या वस्तू भेट मिळण्याचा प्रसंग येतो. त्यांत एखादे रिव्हॉल्व्हर निघाल्यास ते ‘जुने आहे’ एवढ्या कारणाने काचेच्या कपाटात ठेवणे कायद्याला धरून होणार नाही. ते उघडण्याचा, चाप ओढून पाहण्याचा वा त्यात काडतूस बसते का हे तपासण्याचा मोह टाळावा. जुने काडतूसही जिवंत असू शकते. संबंधित कुटुंबाने व संस्थेने विनाविलंब पोलिसांशी संपर्क साधावा. ज्याचा ताबा कायदेशीर राहिलेला नाही असे शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे. मात्र शस्त्र जमा होण्यापूर्वी त्याच्याशी निगडित कागदपत्रे, छायाचित्रे, नियुक्तिपत्रे व कुटुंबीयांच्या आठवणी यांची नोंद अवश्य करून घ्यावी. वस्तू हातची गेली तरी तिचा इतिहास जाऊ नये.

६. जतन की सुरक्षितता?

शस्त्र निष्क्रिय करणे हा या तिढ्यावरील एक उपाय मानला जातो. पॅरिसवरील हल्ल्यांनंतर युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ मध्ये निष्क्रियीकरणाचे समान व कठोर नियम केले. परंतु नळी, सिलिंडर व घोडा यांत कायमचे बदल केल्यावर त्या शस्त्राची अंतर्गत रचना अभ्यासण्याची संधीही मोठ्या प्रमाणावर नाहीशी होते. नागांचा पुढे सरकणारा सिलिंडर सरकत नसेल, तर तो पाहणाऱ्याला काय कळणार? संग्रहशास्त्राच्या दृष्टीने ही हानी गंभीर आहे.

तथापि दुसऱ्या पारड्यात मानवी जीव आहेत, याचे विस्मरण होऊन चालणार नाही. प्रामाणिक संग्राहकांची संख्या कितीही मोठी असली, तरी शंभराहून अधिक गुन्हास्थळे ही कोणत्याही अभ्यासविषयासाठी मोजण्यासारखी किंमत नव्हे. शस्त्र मूळ स्थितीत जपावे आणि काडतूस त्याच्यापासून कटाक्षाने दूर ठेवावे, हे १९९७ च्या ब्रिटिश कायद्यातील सूत्र म्हणूनच अधिक समतोल वाटते. त्यात वस्तूची अखंडता राहते आणि धोकाही मर्यादित होतो.

निष्कर्ष

१) धातूच्या काडतुसाचे लष्करी रिव्हॉल्व्हर ही स्वयंपूर्ण वस्तू नसून शस्त्र व काडतूस अशी जोडवस्तू आहे. तिच्या ऐतिहासिक अभ्यासात दोन्हींचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो.

२) काडतुसाचे टिकणे वा लुप्त होणे हे तांत्रिक गुणवत्तेपेक्षा बाजारपेठ, लोकसंस्कृती व शासकीय धोरण यांवर अवलंबून असते. .४५ कोल्ट व फ्रेंच ११ मिलिमीटर यांची तुलना हेच दर्शविते.

३) पर्यायी काडतूस वापरण्याच्या प्रयत्नांत वापरणाऱ्याची सुरक्षितता आणि वस्तूचे मूल्य या दोहोंची हानी होते.

४) निर्मितीचे वर्ष, नमुन्याचे वर्ष, काडतुसाची दुर्मिळता व उपयोगक्षमता या चार कसोट्यांपैकी काडतुसाची कसोटी वास्तवाला सर्वाधिक जवळची आहे, पण ती स्थिर नाही. संग्राहकाने काडतूस यशस्वीपणे घडविले की त्याच्या शस्त्राचा पुराणवस्तू हा दर्जा तेवढाच दुबळा होतो. २०२१ चे ब्रिटिश नियम याची साक्ष देतात.

५) भारतात वयोमानाने पुरावशेष ठरू शकणारे रिव्हॉल्व्हर बोअरमुळे प्रतिबंधित शस्त्रही असू शकते. याची जाणीव शैक्षणिक संस्थांनी ठेवणे आणि अशा वस्तू संस्थात्मक मार्गानेच जतन होतील असे पाहणे अगत्याचे आहे.

जुन्या रिव्हॉल्व्हरचा खरा संग्राहक तोच, जो रिकाम्या सिलिंडरमध्येही इतिहास वाचू शकतो. काडतुसाची जागा मोकळी राहिली, तरच ती वस्तू पुढच्या पिढीच्या अभ्यासकापर्यंत पुराणवस्तू म्हणून पोहोचेल.